लॅपटॉपचा मदरबोर्ड : जळालेला भाग आणि जळण्याचे कारण

‘जालना, सोने का पालना’ ही म्हण मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या ऐकावयास मिळते. मोठी व्यापारपेठ, बी-बियाणे, पोलाद आणि मोसंबी यांमुळे या गावाचे नाव दूरवर पोचले. १ मे १९८१ रोजी तत्कालीन औरंगाबाद व परभणी जिल्ह्यांचे काही भाग एकत्र करून जालना हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. आज जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, परतूर व मंठा या आठही तालुक्यांत ग्रामपंचायतीच्या कार्यालयापासून महाविद्यालयापर्यंत लॅपटॉप हे रोजच्या वापराचे साधन झाले आहे. सातबाऱ्याचा उतारा काढावयाचा असो, शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयाचा असो वा पतसंस्थेचा हिशेब ठेवावयाचा असो, हे यंत्र बंद पडले की काम थांबते. अर्जाची मुदत उद्या संपत असेल, तर विद्यार्थ्याचे वर्ष पणाला लागते.

असा बंद लॅपटॉप दुकानात नेला असता ‘मदरबोर्ड गेला, नवा टाकावा लागेल’ असे उत्तर पुष्कळदा मिळते. जुन्या यंत्राच्या बाबतीत नव्या मदरबोर्डचा खर्च यंत्राच्या उरलेल्या किमतीच्या जवळपास जातो आणि ग्राहक ते यंत्र भंगारात टाकतो. वस्तुतः अशा अनेक मदरबोर्डांवरील शेकडो भागांपैकी एखादाच भाग जळालेला असतो आणि त्याची किंमत काही रुपयांच्या घरात असते. तो भाग नेमका कसा ओळखावा, कसा बदलावा आणि बदलण्यापूर्वी कोणता प्रश्न विचारावा, याची माहिती या लेखात दिली आहे.

मोटारीपासून मदरबोर्डपर्यंत

विहिरीवरची मोटार जळणे हा प्रकार मराठवाड्यातील शेतकऱ्यास नवा नाही. मोटार जळाली की ती रिवायंडिंगच्या दुकानात जाते. साधा कारागीर जळकी तार काढून नवी भरतो आणि मोटार परत देतो. जाणता कारागीर मात्र आधी विचारतो : एक फेज गेला होता काय? विद्युतदाब कमी होता काय? स्टार्टरचा रिले चालतो काय? कारण तार आपण होऊन जळत नाही. ती कशामुळे तरी जळते. ते कारण तसेच राहिले, तर नवी तारही जळणार हे ठरलेले.

लॅपटॉपच्या मदरबोर्डला हाच न्याय लागू पडतो. जळालेला भाग हा परिणाम आहे. त्याचा शोध हे निम्मे काम. कारणाचा शोध हे उरलेले निम्मे काम होय. या कलेचे सारे मर्म एवढ्या एका गोष्टीत आहे.

मदरबोर्डवरील विजेची वाट

दोष शोधण्यासाठी वीज कोठून कोठे जाते हे प्रथम समजावून घ्यावयास हवे. अ‍ॅडॉप्टर घरातील २३० व्होल्ट विजेचे रूपांतर बहुधा १९ ते २० व्होल्ट एकदिश विजेत करतो. ही वीज सॉकेटमधून मदरबोर्डवर येते व प्रथम मॉस्फेट नावाच्या दोन इलेक्ट्रॉनिक दरवाजांतून जाते. हे दरवाजे उघडावयाचे की नाही, हे एक नियंत्रक चिप ठरविते. दरवाजे उघडले की वीज मुख्य मार्गावर येते. या मुख्य मार्गास गावाच्या मोठ्या जलवाहिनीची उपमा देता येईल.

मुख्य मार्गावरून पुढे लहान लहान शाखा निघतात. एका शाखेवर ५ व्होल्ट, दुसरीवर ३.३ व्होल्ट, स्मृतीसाठी १.२ व्होल्टच्या आसपास आणि प्रोसेसरसाठी सुमारे १ व्होल्ट असा दाब तयार होतो. प्रत्येक शाखेच्या आरंभी मॉस्फेटची एक जोडी आणि करड्या रंगाचे एक चौकोनी वेटोळे असते. ही वेटोळी डोळ्यांना सहज दिसतात, म्हणून मोजमापासाठी ती मैलाच्या दगडासारखी उपयोगी पडतात.

या सर्व मार्गांवर जागोजागी कपॅसिटर बसविलेले असतात. त्यांचे एक टोक विजेच्या मार्गास व दुसरे ग्राउंडला जोडलेले असते. दाबातील चढउतार शोषून घेणे हे त्यांचे काम. आकाराने ते फार लहान. बियाण्यांच्या या जिल्ह्यात बियाण्याचेच माप द्यावयाचे झाल्यास, ‘१२०६’ आकाराचा कपॅसिटर तिळाएवढा, ‘०८०५’ मोहरीएवढा आणि ‘०४०२’ हा खसखशीच्या दाण्याएवढा असतो.

मदरबोर्डवर प्रत्येक भागाजवळ इंग्रजी अक्षर व क्रमांक छापलेला असतो. ‘सी’ म्हणजे कपॅसिटर, ‘आर’ म्हणजे रोधक, ‘एल’ म्हणजे वेटोळे, ‘क्यू’ म्हणजे मॉस्फेट वा ट्रान्झिस्टर, ‘डी’ म्हणजे डायोड, ‘एफ’ म्हणजे फ्यूज आणि ‘यू’ म्हणजे चिप. अनेक उत्पादक वीजपुरवठ्याच्या विभागातील भागांपूर्वी ‘पी’ हे अक्षर जोडतात. एवढी बाराखडी आली की मदरबोर्डचा नकाशा वाचता येऊ लागतो.

कोणता भाग कसा निकामी होतो

सर्व भाग सारख्याच रीतीने जळत नाहीत. सिरॅमिक कपॅसिटर ठिसूळ असतो. यंत्र पडल्याने, मदरबोर्ड वाकल्याने किंवा अतिउष्णतेने त्यास सूक्ष्म तडा जातो, आतील पापुद्रे एकमेकांस टेकतात आणि वीज सरळ ग्राउंडमध्ये जाऊ लागते. यालाच ‘शॉर्ट’ म्हणतात. कित्येकदा असा कपॅसिटर बाहेरून अगदी धडधाकट दिसतो.

मॉस्फेट निकामी झाला की बहुधा त्याचा दरवाजा कायमचा उघडा राहतो. फ्यूज मात्र याच्या उलट वागतो. तो तुटतो आणि वाट बंद करतो. फ्यूजच्या दोन टोकांमध्ये मीटरने जवळजवळ शून्य रोध दाखविला पाहिजे. तो दाखवीत नसेल तर फ्यूज उडाला आहे. अशा फ्यूजवर तारेचा तुकडा जोडून यंत्र सुरू करण्याचा मोह अत्यंत घातक होय. फ्यूजने जे नुकसान रोखले, तेच त्या तारेमुळे पुढील चिपपर्यंत पोचते आणि आगीचा धोकाही संभवतो.

पहिली पायरी : पाहणे व विचारणे

हत्यार हाती घेण्यापूर्वी ग्राहकास चार प्रश्न विचारावेत. यंत्रावर चहा वा पाणी सांडले होते काय? ते पडले होते काय? वादळ किंवा विजेचा कडकडाट झाला होता काय? दुसरा अ‍ॅडॉप्टर जोडला होता काय? या चार उत्तरांतून निम्मी दिशा मिळते.

यानंतर अ‍ॅडॉप्टर काढून यंत्र उघडावे आणि सर्वांत आधी बॅटरीची जोडणी सोडवावी. बॅटरी जोडलेली असता मदरबोर्डला हात लावणे म्हणजे चालू लाइनवर काम करण्यासारखे आहे. बॅटरी फुगलेली आढळल्यास ती दाबू वा टोचू नये. लिथियमची बॅटरी फुटल्यास पेट घेते. कोरड्या हवेच्या दिवसांत अंगावरील स्थिर विजेनेही चिप बिघडतात, म्हणून मनगटास ग्राउंडचा पट्टा बांधावा.

मग भिंगाखाली पाहणी करावी. काळा पडलेला भाग, फुगवटा, तडा, हिरवट-पांढरा गंज, जळका वास या खुणा टिपाव्यात. खूण दिसली म्हणजे शोध संपला असे मात्र मानू नये. जवळच्या भागाच्या उष्णतेने शेजारचा निर्दोष भागही काळवंडतो.

दुसरी पायरी : मोजणे

परतूर तालुक्यातील एका विद्यार्थ्याचा लॅपटॉप अचानक बंद पडला, असे उदाहरण कल्पावे. अ‍ॅडॉप्टरचा दिवा एरवी लागतो, पण पिन लॅपटॉपमध्ये घालताच तो विझतो. याचा अर्थ असा की, पहिल्या दरवाजांच्या अलीकडेच शॉर्ट आहे किंवा दरवाजेही शॉर्ट होऊन वीज पुढील दोषापर्यंत पोचत आहे; अ‍ॅडॉप्टर स्वतःच्या रक्षणासाठी वीज तोडतो. याउलट दिवा लागलेला राहिला आणि यंत्र मात्र निर्जीव असले, तर दोष दरवाजांच्या पलीकडे असण्याची शक्यता अधिक. नियंत्रक चिपला पुढे धोका दिसतो व ती दरवाजे उघडत नाही. अ‍ॅडॉप्टरचा दिवा हा असा पहिला साक्षीदार ठरतो.

दुसऱ्या साक्षीदाराची, म्हणजे मल्टिमीटरची, जबानी आता घ्यावयाची. मीटर ओहमवर ठेवून प्रथम त्याच्या दोन्ही तारा एकमेकींस टेकवाव्यात. ०.२ ओहम दिसले, तर तो तारांचाच रोध समजून पुढील प्रत्येक मोजमापातून वजा करावा. मग काळी तार स्क्रूच्या छिद्राभोवतीच्या धातूवर, म्हणजे ग्राउंडवर ठेवून, लाल तार क्रमाने सॉकेट, मुख्य मार्ग आणि प्रत्येक वेटोळे यांवर टेकवावी. प्रत्येक आकडा वहीत लिहावा.

आकड्यांचा अर्थ लावताना सावधगिरी हवी. चांगल्या मदरबोर्डच्या मुख्य मार्गावर सामान्यतः हजारो ओहम दिसतात. आकडा हळूहळू वाढत जाऊन स्थिरावतो, कारण मीटरच्या विजेने कपॅसिटर भरत असतात. येथे अर्धा ओहम दिसल्यास शॉर्ट निश्चित. प्रोसेसरच्या वेटोळ्यावर मात्र काही ओहम किंवा एका ओहमपेक्षाही कमी आकडा दिसणे स्वाभाविक असते. ही गोष्ट ठाऊक नसल्यामुळे अनेक नवशिके कारागीर चांगल्या प्रोसेसरला मृत ठरवितात. मीटर आवाज करतो म्हणजे शॉर्ट आहे, हा समज येथे टिकत नाही.

आणखी एक मोजमाप कधीही चुकवू नये. मुख्य मार्ग आणि प्रोसेसरचे वेटोळे यांच्यामधील रोध मोजावा. तो शून्याजवळ असल्यास त्या शाखेचा वरचा मॉस्फेट शॉर्ट झालेला आहे. अशा वेळी मुख्य मार्गावर दिलेला कोणताही दाब सरळ प्रोसेसरमध्ये शिरतो. सुमारे १ व्होल्टवर चालणाऱ्या प्रोसेसरला १९ व्होल्ट मिळाले, तर त्यास वाचविणे कोणाच्याही हाती राहत नाही. एका मिनिटाच्या या मोजमापाने सबंध यंत्र वाचू शकते.

तिसरी पायरी : उष्णतेने ठावठिकाणा

उदाहरणातील लॅपटॉपच्या प्रवेशद्वारीच तारांचा रोध वजा जाता ०.४ ओहम आढळला आणि प्रोसेसरची शाखा सुरक्षित असल्याची खात्री झाली, असे समजावे. आता शॉर्ट आहे हे कळले. परंतु त्या मार्गाला जोडलेल्या अनेक कपॅसिटरांपैकी दोषी कोण, हे कळले नाही. ते सर्व विजेच्या दृष्टीने एकत्र जोडलेले असल्यामुळे मीटर प्रत्येकावर तोच आकडा दाखवितो.

येथे ओहमचा नियम कामास येतो. ज्याचा प्रवाह आणि दाब मर्यादित करता येतो असा वीजपुरवठा घेऊन १ व्होल्ट दाब द्यावा व प्रवाहाची मर्यादा ३ अँपिअर ठेवावी. १ भागिले ०.४ म्हणजे २.५ अँपिअर प्रवाह वाहील आणि जोडतारांतील घट सोडल्यास जवळजवळ २.५ वॉट शक्ती त्या मोहरीएवढ्या दाण्यात उष्णतेच्या रूपाने प्रकट होईल. दोषी भाग काही क्षणांतच तापतो. त्याचे निर्दोष सोबती थंड राहतात.

तापलेला भाग पाहण्यासाठी उष्णतादर्शक कॅमेरा असल्यास उत्तमच. तो नसल्यास शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलचा पातळ थर मदरबोर्डवर द्यावा. जेथे तो सर्वप्रथम उडून जातो, तेथे दोष असतो. अल्कोहोल ज्वालाग्राही असल्यामुळे जवळ ठिणगी वा तापलेली इस्त्री ठेवू नये. बोटाने चाचपणे टाळावे, कारण लहान भाग क्षणार्धात चटका बसण्याइतका तापतो.

या पद्धतीचा एक नियम कडक आहे. ज्या मार्गावर दोष शोधावयाचा, त्या मार्गाच्या नेमून दिलेल्या दाबापेक्षा अधिक दाब कधीही देऊ नये. प्रोसेसरच्या शाखेवर तर नवशिक्याने हा प्रयोग करूच नये.

चौथी पायरी : भाग बदलणे

दोषी कपॅसिटर सापडल्यावर तो काढून पुन्हा रोध मोजावा. आकडा हजारो ओहमवर गेला, तर निदान बरोबर होते. तो तसाच राहिला, तर आणखी कोणी दोषी आहे. केवळ काढून पाहणे ही परीक्षा आहे, दुरुस्ती नव्हे. एक कपॅसिटर कमी असतानाही यंत्र कित्येकदा सुरू होते. परंतु उरलेल्यांवर भार वाढतो व दाबातील चढउतार वाढून पुढे बिघाड संभवतो. म्हणून जागा रिकामी ठेवू नये.

नवा भाग निवडताना तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत : आकार, धारिता आणि सहन होणारा दाब. सिरॅमिक कपॅसिटरवर मूल्य छापलेले नसते. म्हणून त्या मदरबोर्डचा मंडल-आराखडा पाहावा किंवा त्याच नमुन्याच्या निकामी मदरबोर्डवरून तोच क्रमांक असलेला भाग घ्यावा. आराखड्यात १० मायक्रोफॅरड व २५ व्होल्ट असे लिहिलेले असल्यास १६ व्होल्टचा कपॅसिटर १९ व्होल्टच्या मार्गावर चालणार नाही. तो पहिल्याच दिवशी किंवा काही दिवसांनी दगा देईल. अधिक दाब सहन करणारा भाग मात्र, आकार व प्रकार जुळत असल्यास, चालू शकतो. टँटलमच्या कपॅसिटरवरील पट्टी धन टोक दर्शविते, तर अ‍ॅल्युमिनियमच्या डबीसारख्या कपॅसिटरवरील खूण ऋण टोक दर्शविते. हा फरक विसरून उलटा बसविलेला भाग फुटतो.

प्रत्यक्ष काम गरम हवेच्या यंत्राने करतात. आजच्या मदरबोर्डवरील शिसेविरहित सोल्डर कथील, चांदी व तांबे यांचे असते आणि सुमारे २१७ अंश सेल्सिअसला वितळू लागते. ६३ टक्के कथील व ३७ टक्के शिसे असलेले जुन्या पद्धतीचे सोल्डर १८३ अंशांस वितळते. मदरबोर्डमधील तांब्याचे थर उष्णता ओढून घेत असल्यामुळे हवेचे तापमान साधारणतः ३५० अंशांच्या आसपास ठेवावे लागते. आजूबाजूच्या प्लॅस्टिकच्या जोडण्या उष्णतारोधक पट्टीने झाकाव्यात, भागाभोवती फ्लक्स लावावे, मदरबोर्ड खालून हळूहळू गरम करावा आणि सोल्डर चकाकून पातळ झाल्यावरच चिमट्याने भाग उचलावा. सोल्डर वितळण्यापूर्वी ओढाताण केल्यास खालचा तांब्याचा ठिपका उखडून येतो व साध्या कामाचे अवघड काम होते.

नंतर तांब्याच्या जाळीदार पट्टीने जुने सोल्डर टिपून घ्यावे, नवे थोडेसे लावावे, फ्लक्स घालून नवा भाग ठेवावा व गरम करावा. सोल्डर वितळताच पृष्ठताणामुळे तो आपण होऊन नीट जागी बसतो. मदरबोर्ड सावकाश थंड होऊ द्यावा. फुंकर मारून थंड केल्यास नव्या सिरॅमिक कपॅसिटरलाच तडा जातो. शेवटी अल्कोहोलने जागा स्वच्छ करून रोध पुन्हा मोजावा.

पहिल्यांदा वीज देताना थेट बॅटरी जोडू नये. मर्यादित प्रवाहाच्या पुरवठ्यातून नेमलेला दाब द्यावा व प्रवाहाकडे लक्ष ठेवावे. मुख्य मार्ग, ५ व ३.३ व्होल्टच्या शाखा आणि नंतर इतर शाखा या क्रमाने दाब तपासावेत. सर्व ठीक आढळल्यावर बॅटरी जोडून यंत्र काही तास कामात ठेवून पाहावे.

कारणाचा शोध

यंत्र सुरू झाले म्हणजे काम संपले, असे मानणारा कारागीर रिवायंडिंग करणाऱ्या त्या साध्या कारागिरासारखाच होय. सुरुवातीच्या चार प्रश्नांची उत्तरे आता पुन्हा पाहावयास हवीत. यंत्र पडले असेल व एकच कपॅसिटर तडकला असेल, तर कारण मिळाले. मॉस्फेट जळाला असेल, तर त्याचा जोडीदार, त्यास आज्ञा देणारी चिप आणि मधला रोधक तपासल्याशिवाय नवा मॉस्फेट बसवू नये. फ्यूज उडाला असेल, तर त्याच्या पुढील शॉर्ट शोधलाच पाहिजे. द्रव सांडला असेल, तर चिपखाली दडलेला गंज साफ केल्याशिवाय दुरुस्ती टिकणार नाही.

कित्येकदा कारण मदरबोर्डच्या बाहेर, घराच्या भिंतीत असते. रोहित्रापासून येणाऱ्या तीन फेजच्या लाइनवरील न्यूट्रल तुटला, तर एखाद्या घरातील २३० व्होल्टचा दाब ४०० व्होल्टच्या जवळ जाऊ शकतो. लॅपटॉपचा अ‍ॅडॉप्टर सामान्यतः १०० ते २४० व्होल्टसाठी बनविलेला असतो. बहुतेक वेळा तो स्वतः जळून लॅपटॉपला वाचवितो, पण प्रत्येक वेळी नाही. कमी प्रतीच्या नकली अ‍ॅडॉप्टरमध्ये हे संरक्षण तकलादू असते. म्हणून दुरुस्तीनंतर ग्राहकाचा अ‍ॅडॉप्टरही मोजून पाहावा.

मराठवाड्यात मान्सूनपूर्व दिवसांत आणि परतीच्या पावसात विजांचा कडकडाट मोठा असतो. अशा वेळी अ‍ॅडॉप्टर प्लगमधून काढणे हाच सर्वांत स्वस्त उपाय. इंटरनेटची तांब्याची केबल जोडलेली असल्यास तीही काढावी; तिच्यातून आलेला झटका जाळ्याच्या सॉकेटजवळील चिप जाळतो. घराचे अर्थिंग नीट नसल्यास झटका शोषणारी महागडी पट्टीही पुरेसे काम करू शकत नाही. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालण्याची जी सवय पंपाच्या बाबतीत शेतकरी पाळतात, तीच घराच्या अर्थिंगलाही उपकारक आहे.

कोठे थांबावे

प्रत्येक मदरबोर्ड वाचतोच असे नाही. प्रोसेसरच्या आतच शॉर्ट असेल, मदरबोर्डचे आतील थर कोळसा झाले असतील किंवा द्रवाने सर्वत्र गंज चढला असेल, तर तसे स्पष्ट सांगणे हेच प्रामाणिकपणाचे लक्षण. अशा वेळीही ग्राहकाचे सर्व काही गेलेले नसते. अनेक लॅपटॉपमध्ये माहिती साठविणारी डिस्क वेगळी काढता येते व दुसऱ्या यंत्रात वाचता येते. काही सडपातळ यंत्रांत मात्र ती मदरबोर्डलाच जोडलेली असते. माहिती सांकेतिक कुलूपात ठेवलेली असल्यास मदरबोर्ड बदलल्यानंतर पुनर्प्राप्तीची किल्ली मागितली जाते. ती नसेल तर डिस्क शाबूत असूनही माहिती हाती येत नाही. मूळ मदरबोर्ड दुरुस्त करण्याचा हा एक मोठा लाभ म्हणावा लागेल. तथापि महत्त्वाच्या कागदपत्रांची दुसरी प्रत अन्यत्र ठेवणे, याला पर्याय नाही.

निकामी झालेला मदरबोर्ड उघड्यावर जाळणे वा उकिरड्यावर टाकणे आरोग्यास घातक आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनुसार अशा कचऱ्याच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवर टाकण्यात आली आहे. दुकानदारांनी असा माल साठवून नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडेच द्यावा.

विश्वासाचा व्यवहार

दुरुस्तीच्या धंद्यात हातातील कौशल्याइतकेच वहीतील नोंदीला महत्त्व आहे. दुरुस्तीपूर्वीचा रोध, सापडलेला दोष, बदललेल्या भागाचा क्रमांक व मूल्य, दुरुस्तीनंतरचा रोध आणि संभाव्य कारण या पाच नोंदी ग्राहकास लिहून द्याव्यात. खर्चाचा अंदाज आधी सांगून संमती घ्यावी. काढलेला भाग, तो तिळाएवढा का असेना, कागदाच्या पुडीत घालून परत द्यावा. ग्राहकाची खासगी माहिती उघडून पाहू नये. असा कारागीर एका गावात एक यंत्र दुरुस्त करतो आणि त्या गावाचा विश्वास मिळवितो.

ग्राहकाच्या बाजूनेही काळ बदलत आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, ‘दुरुस्तीचा अधिकार’ या विषयाचे पोर्टल सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे त्यासाठी निवडण्यात आली. शेतकऱ्याचे अवजार आणि विद्यार्थ्याचा लॅपटॉप यांचा एकाच यादीत झालेला समावेश बोलका आहे.

तरुणांना वाव

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधील ‘इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक’ हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम या कामाचा चांगला पाया घालतो. त्याला जोड हवी ती सरावाची. भंगारातील मदरबोर्ड आणून त्यांवरील भाग काढणे व पुन्हा बसविणे, चांगल्या मदरबोर्डवरील प्रत्येक वेटोळ्याचा रोध मोजून नोंदवही तयार करणे, हा अभ्यास ग्राहकाच्या यंत्राला हात लावण्यापूर्वी झाला पाहिजे. निरोगी माणसाची नाडी ठाऊक असल्याशिवाय वैद्याला आजार ओळखता येत नाही, तसेच हे आहे. काम करताना चष्मा वापरावा, सोल्डरचा धूर बाहेर जाण्याची सोय असावी आणि शिसेयुक्त सोल्डर हाताळल्यावर जेवणापूर्वी हात स्वच्छ धुवावेत.

भांडवलासाठी २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात ५० हजार रुपयांपर्यंत कर्जाची तरतूद आहे. चांगला मल्टिमीटर, नियंत्रित वीजपुरवठा, गरम हवेचे यंत्र, भिंग आणि सुट्या भागांचा साठा यांपासून आरंभ करता येतो. मोठ्या उभारणीसाठी जिल्हा उद्योग केंद्राकडे स्वयंरोजगाराच्या योजनांची चौकशी करावी.

यांपैकी सर्वांत मोलाचे साधन मात्र कर्जाने मिळत नाही. ते म्हणजे भाग बदलण्यापूर्वी थांबून ‘हा का जळाला?’ असे विचारण्याची सवय. ज्या कारागिराच्या अंगी ती बाणली, त्याने दुरुस्त केलेला परतूरच्या विद्यार्थ्याचा लॅपटॉप त्याच दोषासाठी पुन्हा दुकानाची पायरी सहसा चढणार नाही, आणि तो विद्यार्थी आपला अर्ज मुदतीपूर्वी भरील.